डावीकडचं डावीकडेच वाढा

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

पत्र लिहिणाऱ्या वाचक शहरात राहतात, नोकरी करतात. घरी नवरा, सासूबाई, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. काही महिन्यांपूर्वी नवऱ्याला बीपीची गोळी सुरू झाली. त्याच सुमारास त्यांनी सॉसमधल्या 'केमिकल'बद्दलचे व्हिडिओ पाहिले, घरातल्या बाटल्यांवरचे 'ॲसिडिटी रेग्युलेटर', 'आयएनएस २११' असले शब्द वाचून त्या दचकल्या आणि केचप, मेयोनीज, शेजवान चटणी सगळं कचऱ्यात टाकलं. तेव्हापासून दर रविवारी हे सगळं घरी बनतं. केचपचं प्रमाण किलोभर टोमॅटोला शंभर ग्रॅम साखर आणि दोन छोटे चमचे मीठ. त्यातून जॅमची एक बाटली भरते. मेयोनीज कच्च्या अंड्याचं. शेजवान चटणीवर ती टिकावी म्हणून तेलाचा थर, बरणी ओट्यावरच. केचपला मध्यंतरी बुरशी आली. नवरा 'घरचंच तर आहे' म्हणत पूर्वीपेक्षा जास्त वाढून घेतो. मुलं मित्रमैत्रिणींकडे जाऊन बाटलीतलं केचप खातात. सासूबाई दर वर्षी पाच किलो कैरीचं लोणचं घालतात. त्यातलं मीठ कमी करा म्हटलं की 'घरच्या लोणच्यानं कधी कुणाला काही झालंय का?' असं ऐकवतात. रविवार संध्याकाळपर्यंत यांच्या पाठीचे तुकडे पडलेले असतात. त्या विचारतात : प्रिझर्वेटिव्ह न घालता हे सगळं टिकवायचं कसं? सासूबाईंना समजवायचं कसं? आणि एवढं करूनही मुलं बाटलीकडेच पळणार असतील, तर मी हरले असं समजायचं का?

उत्तर :

तुमच्या प्रश्नांकडे येतेच, पण आधी उठा आणि ओट्यावरची ती शेजवान चटणी टाकून द्या. चाखून बघू नका, वास घेऊन ठरवू नका. लसूण मातीत वाढते आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणूही मातीतच असतात. कढईत परतून किंवा नुसतं उकळून ते मरत नाहीत. त्यांना वाढायला हवा नको असते, आंबट त्यांना सोसत नाही, आणि ऊब लागते. तेलाच्या थराखाली, ओट्यावर, सगळं त्यांच्या मनासारखं होतं. त्यातून जे विष तयार होतं त्याला ना वास, ना चव. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका रेस्टॉरंटमध्ये, फ्रिजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणामुळे ३६ जणांना ही विषबाधा झाली होती. घडतं क्वचितच. पण घडलं तर श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात, म्हणून 'आजवर काही झालं नाही' हा हिशेब इथे लावायचा नाही.

शेजवान चटणी करायचीच असेल तर थोडी करा, व्हिनेगर सढळ हाताने घाला, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. जास्तीची लगेच बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी यात मोडत नाही. तिच्यात ओल जवळजवळ नसते आणि ती तेलात बुडालेलीही नसते. कैरीच्या लोणच्यालाही ही भीती नाही, कारण ते आंबट आणि खारट असतं. आणि ज्या 'ॲसिडिटी रेग्युलेटर'ला तुम्ही घाबरलात, ते बाजारच्या बाटलीत आंबटपणा राखायचं, म्हणजे असले जीवाणू दूर ठेवायचंच काम करतं. बऱ्याचदा ते साधं व्हिनेगरमधलं किंवा लिंबातलं आम्ल असतं.

आता केचप. तुम्ही प्रमाण लिहून पाठवलंत हे फार बरं केलंत, कारण त्यावरून हिशेब मांडता येतो. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी. किलोभर आटवून जॅमची बाटली भरते, म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. त्यात वरून घातलेली शंभर ग्रॅम साखर, म्हणजे वजनाच्या पाव हिश्शाहून जास्त. टोमॅटोची स्वतःची साखर वेगळी. दोन छोटे चमचे मीठ म्हणजे दहा-बारा ग्रॅम. तेव्हा तुमच्या केचपच्या एका टेबलस्पूनमध्ये जवळजवळ एक चहाचा चमचा साखर आणि अर्धा ग्रॅम मीठ आहे. टाकून दिलेल्या बाटलीच्या मागच्या बाजूचे आकडे याहून फार वेगळे नसणार.

तुमच्या केचपमधून खरोखर गेलं ते आयएनएस २११, म्हणजे सोडियम बेंझोएट. हे बेंझोइक आम्लाचं मीठ. हे आम्ल दालचिनी-लवंगेतही थोडं असतं. आंबट पदार्थांत बुरशी आणि यीस्ट वाढू देत नाही, ठरवून दिलेल्या मर्यादेत घालायला परवानगी आहे. मी त्याची वकिली करत नाहीये. पण नवऱ्याच्या बीपीशी ज्याचा संबंध आहे ते मीठ आणि वजन वाढवणारी साखर तुम्ही होती तेवढीच ठेवलीत आणि ज्याचा संबंध नाही ते तेवढं काढलंत.

यात तुम्ही एकट्या नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमका हाच वाद पेटला होता. तिथल्या कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वे वायली बेंझोएटच्या विरोधात उभे राहिले. हाइन्झ कंपनीने त्यांची बाजू घेतली आणि बेंझोएटशिवाय टिकणारं केचप बाजारात आणलं. कसं? पूर्ण पिकलेले टोमॅटो घेतले, व्हिनेगर वाढवलं आणि साखर वाढवली. आज जगभर ज्याला आपण केचपची चव म्हणतो, ती बरीचशी त्या 'प्रिझर्वेटिव्हविना' केचपची चव आहे. म्हणून बाटलीवर ठळक अक्षरांत 'नो ॲडेड प्रिझर्वेटिव्ह' दिसलं की लगेच हरखून जाऊ नका. बाटली उलटी करून साखर-मिठाचे आकडे बघा. आपल्याकडच्या नियमांप्रमाणेही केचपमध्ये विरघळलेला घन भाग किमान २५ टक्के लागतो, आणि टोमॅटोत तो जेमतेम पाच टक्के असतो. मधली तूट टोमॅटो आटवून भरून काढायची किंवा साखर घालून. आटवायला टोमॅटो लागतात, गॅस लागतो, वेळ लागतो. साखर त्या मानाने स्वस्त.

मला जे सांगायचंय ते इथेच आहे. कुठलाही ओला पदार्थ टिकवायचा तर किंमत मोजावी लागते. ती मिठात मोजा, साखरेत मोजा, आंबटात मोजा, नाहीतर फ्रिजच्या थंडीत. प्रिझर्वेटिव्ह काढलं की बिल दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर फाटतं. तेव्हा 'टिकवायचं कसं?' या तुमच्या प्रश्नावर माझा प्रश्न असा, की टिकवायचं कशाला? कारखान्याला टिकवावंच लागतं, कारण त्याची बाटली गोदामात, ट्रकमध्ये, दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने उभी राहणार असते. तुमची चटणी मिक्सरच्या भांड्यातून ताटात जायला दोन मिनिटं लागतात. घरी करण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि तुम्ही बाटलीची नक्कल करताना नेमका तोच सोडून दिलात.

बुरशीचं एवढंच सांगते. वरची बुरशी चमच्याने काढून खालचं वापरायचं नाही. पातळ, मऊ पदार्थात तिचे धागे दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. काही पाककृतींत 'चिमूटभर सोडियम बेंझोएट घाला' असं सर्रास लिहिलेलं असतं. चिमटीने मोजायची ती वस्तू नाही. ग्रॅमचे भाग तोलणारा काटा घरात नसेल तर त्या फंदात पडूच नका.

आता नवऱ्याकडे वळू. पंगतीतलं जुन्या पद्धतीचं ताट डोळ्यांपुढे आणा. वरती मीठ, मग लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर ही डावी बाजू. भाजी, उसळ, आमटी उजवीकडे. कोशिंबीर सोडली तर डावीकडचं सगळं बोटाने चाटण्याइतकंच. पुन्हा वाढायला येणाराही चटणी चमच्याच्या टोकानेच ठेवायचा. तोंडी लावणं म्हणतात ते हेच. केचप आणि मेयोनीज आपल्या घरांत आली ती मात्र थेट उजव्या बाजूला जाऊन बसली, आणि तीही वाटीतून! पराठ्याबरोबर केचप, डोशाबरोबर केचप, मुलांच्या पोळीच्या रोलमध्ये आतून फासलेलं केचप. तुमच्या नवऱ्याने एका बैठकीत चार टेबलस्पून घेतलं तर सतराएक ग्रॅम साखर आणि दोन ग्रॅमच्या जरा खाली मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. त्यात भाजी, आमटी, कणकेतलं, पावातलं, पापडातलं सगळं आलं.

बाटली होती तेव्हा त्याचा हात थोडा तरी अडखळत होता. घरचं म्हटल्यावर तो अडखळणं थांबलं. हे फक्त तुमच्याकडे होतं असं नाही. 'गुळाचं आहे' म्हणून चार लाडू खाणारी मंडळी प्रत्येक घरात असतात. आणि गूळ, मध, खजुराचा पाक हे केचपमध्ये साखरेऐवजी घातलं तरी शरीराच्या दृष्टीने फार काही बदलत नाही, हेही इथेच सांगून टाकते. तसंच सैंधव मिठाचं. रंग गुलाबी असला तरी ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं, आणि साधारणपणे त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं. दुकानात 'लो सोडियम' मीठ मिळतं, त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. बीपीच्या अनेकांना ते उपयोगी पडतं. पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. डॉक्टरांना गोळीचं नाव दाखवून विचारल्याशिवाय ते घरात आणू नका, आणि लहान मुलांच्या जेवणात तर नकोच.

सासूबाईंबद्दल आता जे लिहिणार आहे ते तुम्हाला कदाचित रुचणार नाही. बरणीतल्या मिठाबाबत त्यांचं बरोबर आहे. वर्षाचं लोणचं म्हणजे किलोभर फोडींना पाव किलोच्या आसपास मीठ, हे प्रमाण पिढ्यानपिढ्या उगीच चालत आलेलं नाही. ते मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं आणि जीवाणूंना राहायला जागा ठेवत नाही. तुम्ही ते निम्मं केलंत तर जुलैपर्यंत लोणच्यावर पांढरी साय धरेल, फोडी मऊ पडतील आणि पाच किलो कैरी वाया गेल्याचं खापर तुमच्याच डोक्यावर फुटेल.

त्यांचं चुकतं ते ताटात. हिशेब करा. किलो फोडी, पाव किलो मीठ, मोहरीची डाळ, तिखट, हळद, हिंग, मेथी आणि तेल मिळून पावणेदोन किलोच्या आतबाहेर लोणचं होतं. म्हणजे त्यात १५ टक्क्यांच्या जवळपास मीठ. खार-मसाल्यासकट भरपूर चमचाभर, समजा वीस ग्रॅम, लोणचं घेतलं की तीन ग्रॅम मीठ पोटात गेलं. दिवसाच्या पाच ग्रॅमपैकी तीन! दोन्ही जेवणांना तसं घेतलं तर बाकी सगळा स्वयंपाक अळणी केला तरी मर्यादा ओलांडली. 'कधी कुणाला काही झालंय का?' याचं उत्तर त्यांच्या मुलाच्या गोळीच्या पाकिटात असू शकतं. अर्थात एकट्या लोणच्याला दोष देणं अन्यायाचं होईल; बीपीला वय, वजन, आनुवंशिकता, झोप अशी बरीच कारणं असतात. आपल्याकडे पोटात जाणारं बहुतेक मीठ घरच्या रोजच्या स्वयंपाकातूनच जातं, तेव्हा आमटीच्या पातेल्याकडेही जरा बघा.

त्यामुळे 'लोणच्यात मीठ कमी घाला' हे वाक्य त्यांच्यासमोर पुन्हा काढू नका. त्यांच्या हातच्या प्रमाणावर बोट ठेवलं की त्या ऐकणार नाहीत, आणि या बाबतीत त्यांनी ऐकूही नये. त्याऐवजी सांगा की, 'आई, तुमचं लोणचं तुमच्याच पद्धतीनं घाला, पण यंदा पाचऐवजी दोन किलो घालू. आणि याला एकच फोड, खार झटकून, तुम्ही स्वतः वाढा.' मुलाच्या पानात किती पडतंय हे बघायचा अधिकार त्यांच्याकडे गेला की त्याच तुमच्याहून कडक होतील, असा माझा अंदाज आहे. पुढच्या तपासणीला त्यांनाही दवाखान्यात घेऊन जा. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आपल्या घरांत फरक पडतो. तो पडू नये, पण पडतो.

शिवाय कैरीच्या मोसमात त्यांच्याकडून दुसरंच काही शिकून घ्या. तक्कू, म्हणजे किसलेली कैरी, कांदा, तिखट आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. ताजं लोणचं, म्हणजे बारीक चिरलेल्या फोडींना बेताचं मीठ आणि लोणच्याचा मसाला लावून तीन-चार दिवसांत संपवायचं. थंडीत गाजर, फ्लॉवर, मटार, ओली हळद लिंबाच्या रसात आणि मोहरीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचं. यांना वर्षभर टिकायचं नसतं, म्हणून इतकं मीठही लागत नाही. सासूबाईंना हे सगळं येत असणार. वर्षाच्या लोणच्याच्या मानापुढे त्याची कुणी चौकशी करत नाही, एवढंच.

मेयोनीजबद्दल मी जरा कठोर आहे. मेयोनीज म्हणजे मुख्यतः तेल. अंडं फक्त ते तेल फुटू न देण्यासाठी. एका टेबलस्पूनमध्ये दहा ग्रॅमच्या आसपास तेल जातं, मग ते बाटलीतलं असो की तुमच्या मिक्सरमधलं. दूध घालून केलेल्या बिनअंड्याच्या मेयोनीजलाही हेच लागू. वर कच्च्या अंड्यातून साल्मोनेला या जीवाणूची लागण होऊ शकते. हॉटेलांतल्या कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळने २०२३च्या जानेवारीत, तेलंगणाने २०२४च्या ऑक्टोबरमध्ये आणि तमिळनाडूने २०२५च्या एप्रिलमध्ये बंदी घातली, ती अशा विषबाधेच्या धोक्यामुळेच. घरात सहा वर्षांचा मुलगा आणि वयस्कर सासूबाई असताना कच्च्या अंड्याचं मेयोनीज करून फ्रिजमध्ये ठेवू नका. इथे बाजारातली बाटली तुमच्या घरच्यापेक्षा सुरक्षित आहे, हे स्पष्टच सांगते.

त्यापेक्षा चक्का करा. अर्धा लिटर दही रात्री फडक्यात बांधून, खाली भांडं ठेवून फ्रिजमध्येच टांगा. सकाळी घट्ट चक्क्यात ठेचलेली लसणाची एक पाकळी, चिमूटभर मोहरीची पूड, मिरपूड, किंचित मीठ आणि चमचाभर तेल घालून फेटा. सँडविचला लावायला, काकडी-गाजर बुडवून खायला झकास लागतं. दोन-तीन दिवसांत संपवा. मुलांना याला मेयोनीज म्हणू नका. मेयोनीज म्हणून दिलंत तर ती मेयोनीजशी तुलना करतील आणि चक्का हरेल.

मग रोज करायचं काय? तुमच्या पत्रात सगळ्या परदेशी बाटल्यांची नावं आहेत आणि सुक्या चटणीचा उल्लेखही नाही, याचं मला नवल वाटलं. शेंगदाणा, तीळ, कारळे, जवस, सुकं खोबरं-लसूण, कढीपत्ता. यांतली कुठलीही चटणी टिकते ती कोरडेपणावर. मीठ फक्त चवीपुरतं. वाटीभर भाजलेल्या शेंगदाण्यांना अर्धा छोटा चमचा मीठ पुरतं. त्यातली दोन छोटे चमचे चटणी घेतली तरी पाव ग्रॅम मीठ पोटात जातं. वर लोणच्याचा तीन ग्रॅमचा आकडा दिलाय, तो याच्याशेजारी ठेवून बघा. सोलापूरकर शेंगदाण्याची चटणी कुटून तेल सुटेपर्यंत करतात. मिक्सरमध्ये करायची तर थांबत थांबत फिरवा, नाहीतर पीठ होतं.

भाजणं हाच यातला खरा भाग. मंद आचेवर, सगळी ओल जाईपर्यंत. मग पूर्ण गार करून कुटायचं. कोमट चटणी डब्यात भरली की झाकणाला घाम येतो आणि तिथूनच ती बिघडते. शेंगदाणे निवडून घ्या. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे, चवीला कडू लागणारे दाणे काढूनच टाका. दाण्यांवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते भाजून पुरतं जात नाही. जवसाची चटणी एका आठवड्याला पुरेल एवढीच करा. कुटल्यावर जवसाचं तेल लवकर खवट होतं. या चटण्यांत तेलबिया आहेत, म्हणजे उष्मांक भरपूर, तेव्हा याही डावीकडेच वाढायच्या. पण दाण्या-तिळांतून थोडी प्रथिनं, थोडा चोथा तरी पोटात जातो. केचपमधून मुख्यतः साखर जाते.

ओल्या चटणीसाठी फ्रीझर वापरा. कोथिंबीर, मिरची, आलं, लिंबू, थोडं डाळं हे घट्ट वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये भरा, गोठलं की वड्या काढून डब्यात ठेवा. सकाळच्या सँडविचला दोन वड्या बाहेर काढल्या की काम झालं. टोमॅटोचंही तसंच. नारायणगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारांत भाव कोसळतात तेव्हा शहरातही टोमॅटो स्वस्त होतात. त्या आठवड्यात किलो-दोन किलो आणून, उकडून, गाळून, साखर न घालता आटवून गोठवा. २०२३च्या पावसाळ्यात टोमॅटो शंभरीच्या वर गेले होते. तशा वेळी घरी केचप करण्याचा अट्टहास कुणी करू नये. किलो टोमॅटो, वर गॅस आणि तुमचे दोन तास घालवून हाती एक बाटली.

या आटवलेल्या टोमॅटोत उकडलेलं गाजर किंवा लाल भोपळा घालून मिक्सरमधून काढलं, लसूण, तिखट, व्हिनेगर घातलं की दाटपणाही येतो आणि थोडा गोडवाही. मात्र गाजर-भोपळ्याने आंबटपणा उतरतो, म्हणून हे बाटलीत भरून ठेवायचं नाही. फ्रिजमध्ये चार दिवस, नाहीतर फ्रीझर.

बाकी काही गोष्टी खुशाल विकत घ्या. सोया सॉस कुणी घरी करत नाही. त्याच्या एका टेबलस्पूनमध्ये दोन ग्रॅमहून जास्त मीठ असतं, तेव्हा तो थेंबांनी वापरा आणि तो घातलेल्या भातात वेगळं मीठ घालू नका. बाटली घेताना समोरची चित्रं सोडून मागची बारीक अक्षरं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. टोमॅटोनंतर लगेच साखर असेल तर काय समजायचं ते समजा. 'एका सर्व्हिंगमध्ये' या आकड्याला भुलू नका, दर शंभर ग्रॅमचा आकडा दोन बाटल्यांत ताडून बघा. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. हजार मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ.

आणि तुमचा रविवार. पत्रात तुम्ही घरातल्या प्रत्येकाबद्दल लिहिलंत. कोण खातं, कोण नाक मुरडतं, कोण ऐकवतं. पण टोमॅटो धुवायला किंवा बरण्या उकळायला कुणी आलं, असं एकही वाक्य नाही. ज्याच्या बीपीसाठी हे सगळं चाललंय तो माणूस रविवारी दुपारी कुठे असतो? शेंगदाणे भाजायला आणि सोलायला काही पदवी लागत नाही. आठवड्याची एक सुकी चटणी आणि एक ट्रे ओली चटणी ही कामं त्याच्याकडे द्या. स्वतः कुटलेल्या चटणीत किती मीठ टाकलं हे त्याच्या हाताला कळलं तर वाटीतून वाढून घेताना तो आपोआप थबकेल. तो नाही म्हणाला, तर तुम्हीही एवढंच करा आणि बाकीचं सोडा. घरच्यांचं आरोग्य सांभाळताना तुमच्या पाठीचा विचार कुणीतरी करायला हवा, आणि सध्या ते काम रिकामं आहे.

राहिली मुलं. मैत्रिणीकडे ती केचप खातात, यात हरण्यासारखं मला काही दिसत नाही. तिथे खाल्लेले दोन चमचे त्यांचं काही बिघडवणार नाहीत. घरात पूर्ण बंदी आहे म्हणून ती तिथे बाटली उपडी करत असतील, तर मात्र बंदीचा विचार करायला हवा. सगळ्यात लहान आकाराची एक बाटली घरी आणा. मोठ्यावर मोठी सूट असते, तिला बळी पडू नका. पोळी-भाजी, पराठा, डोसा यांच्याबरोबर ती टेबलावर यायची नाही. कटलेट किंवा सामोसे असतील तेव्हा यायची, आणि प्रत्येकाला एक चमचा. हा नियम सासूबाईंपासून सहा वर्षांच्या मुलापर्यंत सगळ्यांना सारखा.

बाटली घरात आली की मुलीला मागचं लेबल वाचायला द्या. अकरा वर्षांच्या मुलीला अडीचने गुणता येतं. केचप झालं की ती बिस्किटांचे पुडे उलटे करेल, मग नूडल्सची पाकिटं, मग फरसाण. घरात फरसाण कुणाच्या आवडीचं आहे, ते मात्र आधीच बघून ठेवा.